एक सेमिस्टर जर्मनीत: बेळगाव, खानापूर, निपाणीच्या विद्यार्थ्यांसाठी तयारीचा क्रम

परदेशात एक सेमिस्टर काढायचं ठरलं की घरात आधी पैशाची चर्चा होते, मग थंडीची, मग जेवणाची. कॉलेजच्या परीक्षा विभागाचा विषय निघतो तो व्हिसा हातात आल्यावर. क्रम इथेच चुकतो. जर्मनीत पास झालेले विषय आपल्या गुणपत्रिकेवर चढले नाहीत, तर तेच सेमिस्टर परत करावं लागतं आणि वर्ष हातचं जातं. म्हणून इथे क्रम उलटा धरला आहे: आधी कॉलेजची सही, मग कागद, मग पैसा आणि व्हिसा, आणि तिकीट अगदी शेवटी. उदाहरणादाखल जर्मनी घेतली आहे, कारण आपल्या भागातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांचा ओढा तिकडे आहे आणि तिथल्या सरकारी विद्यापीठांत करारावर आलेल्या विद्यार्थ्याला शिकवणी शुल्क लागत नाही.

कराराची चौकशी, किमान वर्षभर आधी

पहिला प्रश्न कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विभागाला किंवा डीनना विचारायचा: जर्मनीतल्या कोणत्या संस्थेशी आपला विद्यार्थी देवाणघेवाणीचा करार आज चालू आहे? ‘आज’ हा शब्द महत्त्वाचा. माहितीपुस्तिकेत दहा करार छापलेले असतात, त्यांतल्या काहींची मुदत केव्हाच संपलेली असते. कराराची प्रत बघायला मागा. तीत तीन गोष्टी शोधा: संपण्याची तारीख, दर वर्षी किती विद्यार्थी जाऊ शकतात, आणि शुल्कमाफीचं कलम.

कॉलेज स्वायत्त असेल तर श्रेयांक (क्रेडिट) मान्य करण्याचा निर्णय बराचसा कॉलेजातच होतो. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी नुसतं संलग्न असेल, तर प्राचार्यांचं पत्र पुरेसं धरू नका. विद्यापीठाची लेखी परवानगी मागा. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कॉलेजांतल्या मुलांनी आणि निपाणी-संकेश्वरहून शिवाजी विद्यापीठात शिकायला जाणाऱ्यांनीही हेच करावं. तोंडी ‘होऊन जाईल’ला काही किंमत नाही. डीन बदलतात, विभागप्रमुख बदलतात, कागद राहतो.

करारात इरॅस्मस प्लसचा, म्हणजे युरोपीय संघाच्या देवाणघेवाण योजनेचा, निधी असेल तर नशीब म्हणा. त्यात भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्याला देशाप्रमाणे महिना 800 ते 900 युरो मिळतात आणि प्रवासखर्चाला वेगळी रक्कम. मात्र हा निधी दोन संस्थांमधल्या करारातून येतो. विद्यार्थ्याला एकट्याने थेट अर्ज करून तो मिळत नाही.

विद्यार्थ्याचं नाव आधी आपलं कॉलेज तिकडे कळवतं. त्याला नामांकन म्हणतात. त्यानंतरच तुमचा अर्ज भरायची लिंक येते. हिवाळी सत्रासाठी नामांकनाची मुदत साधारण एप्रिल ते जूनमध्ये संपते, उन्हाळीसाठी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. आपल्याकडे त्याच काळात परीक्षा किंवा दिवाळीची सुट्टी असते आणि नामांकनाचा मेल कोणाच्या तरी टेबलावर पडून राहतो. मुदतीच्या पंधरा दिवस आधी स्वतः कार्यालयात जाऊन ‘मेल गेला का’ ते बघा.

कोणतं सत्र निवडायचं

जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सत्र कागदोपत्री 1 ऑक्टोबर ते 31 मार्च असतं. वर्ग ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात. उन्हाळी सत्र 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर, त्याचे वर्ग एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंत. उपयोजित विज्ञानाच्या संस्थांची, म्हणजे तिथल्या ‘होखशूलं’ची, सत्रं महिनाभर आधी सुरू होतात.

आता हे आपल्या वेळापत्रकाशेजारी ठेवा. हिवाळी सत्राला गेलात तर तिथल्या परीक्षा आटपून येईपर्यंत इथलं सम सेमिस्टर सुरू होऊन काही आठवडे झालेले असतात, हजेरी आणि पहिली अंतर्गत चाचणी दोन्ही हुकतात. उन्हाळी सत्राला, सहाव्या सेमिस्टरच्या जागी गेलात, तर फेब्रुवारी-मार्च मोकळे मिळतात, त्यात जर्मन भाषेचा वर्ग होतो, आणि परत येऊन सातवं सेमिस्टर वेळेवर गाठता येतं. आमचं मत स्पष्ट आहे: इंजिनिअरिंगवाल्यांनी उन्हाळी सत्र घ्यावं. सातव्या सेमिस्टरला जाऊ नये, कारण कॅम्पस मुलाखती तेव्हाच असतात.

लर्निंग अग्रीमेंट: खरा कागद हाच

तिकडे कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात इथले कोणते विषय सुटणार, हे लिहून विद्यार्थी, आपलं कॉलेज आणि तिकडची संस्था अशा तिघांच्या सह्या ज्यावर होतात तो कागद म्हणजे लर्निंग अग्रीमेंट. बाकी सगळी धडपड या एका कागदासाठी.

युरोपात श्रेयांक ईसीटीएसमध्ये मोजतात. वर्षाचे 60, सेमिस्टरचे 30, आणि एका ईसीटीएसमागे 25 ते 30 तासांचं काम धरतात. आपल्या सेमिस्टरचे साधारण 20 श्रेयांक धरले तर आपला एक म्हणजे त्यांचा दीड. चार श्रेयांकांच्या विषयाला सहा ईसीटीएसचा विषय जुळतो, तीनच्या विषयाला पाचचा चालून जातो.

विषय जुळवताना नुसत्या नावावर जाऊ नका. प्रत्येक जर्मन विषयाचं मॉड्यूल वर्णन संस्थेच्या संकेतस्थळावर असतं: घटक, तास, परीक्षेचा प्रकार, शिकवण्याची भाषा, आणि तो विषय कोणत्या सत्रात असतो. हे शेवटचं फार जण बघत नाहीत. हिवाळ्यातच शिकवला जाणारा विषय उन्हाळी सत्राच्या यादीत लिहितात आणि तिथे पोचल्यावर यादी अर्धी होते. म्हणून पाच विषय हवे असतील तर आठ मंजूर करून घ्या. मॉड्यूल वर्णनाची छापील प्रत आणि आपला अभ्यासक्रम शेजारी शेजारी लावून विभागप्रमुखांपुढे ठेवलात की सही लवकर मिळते. साठ टक्क्यांच्या वर घटक जुळत असतील तर बहुतेक शिक्षक अडवत नाहीत.

जर्मनीत ज्याला जोड मिळणारच नाही असे विषयही असतात: मिनी प्रोजेक्ट, अनिवार्य बिनगुणी विषय, इंटर्नशिपचे तास. त्यांची वेगळी यादी करून ते कोणत्या सेमिस्टरला पूर्ण करणार हे त्याच कागदावर लिहून घ्या.

गुणांचं रूपांतरही आधीच ठरवा. तिकडे 1.0 सर्वोत्तम, 4.0 म्हणजे जेमतेम पास आणि 5.0 नापास. आपल्याकडचे गुण तिकडे नेताना बव्हेरियन सूत्र वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान यांच्या फरकाने भागायचं, तीनने गुणून एक मिळवायचा. कमाल 10, पास होण्याचे किमान 4 आणि तुम्हाला 8 असतील तर येतात 2.0. उलट दिशेने, म्हणजे तिकडचे 2.0 इथे किती धरणार, याचा तक्ता कॉलेजकडून जायच्या आधी सहीनिशी घ्या. नंतर ठरवायला बसलं की गुण कमीच होतात.

पासपोर्ट, आणि नावागावाचा घोळ

बेळगावच्या मुख्य टपाल कार्यालयात पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यामुळे साध्या अर्जासाठी हुबळी-बेंगळुरू गाठायची गरज पडत नाही. 36 पानी पासपोर्टचं शुल्क 1500 रुपये, तात्काळला 2000 जादा. अडचण येते ती नावात.

आपल्याकडे एकाच मुलाचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘पाटील सागर मारुती’, आधारवर ‘सागर मारुती पाटील’ आणि कॉलेजच्या ओळखपत्रावर ‘सागर एम. पाटील’ असं असतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. ‘पाटील’ आडनावात, ‘सागर मारुती’ नावात. नंतरचा प्रत्येक फॉर्म, म्हणजे विद्यापीठाचा अर्ज, बँक, विमा, विमानाचं तिकीट, अक्षर न अक्षर पासपोर्टप्रमाणे. जुन्या गुणपत्रिका जुळत नसतील तर ‘ही एकच व्यक्ती’ असं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून सोबत ठेवा.

गावाच्या नावाचंही तसंच. 1 नोव्हेंबर 2014 पासून इंग्रजी कागदांवर बेळगावचं अधिकृत नाव बदललं. त्यामुळे तुमच्या जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग आणि आईवडिलांच्या पासपोर्टवर दुसरं असू शकतं. परदेशी अधिकाऱ्याला ही दोन वेगळी गावं वाटू शकतात. व्हिसाच्या फॉर्मवर पासपोर्टवरचंच स्पेलिंग लिहा आणि सोबतच्या पत्रात नावबदलाची तारीख देऊन एक ओळ घाला.

कन्नडमधल्या कागदांचं, म्हणजे नाडकचेरीचे दाखले, जमिनीचा उतारा, ग्रामपंचायतीची पत्रं, इंग्रजी भाषांतर करून घ्यावं लागतं. मराठी माध्यमातून दहावी झालेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा: कॉलेजचं ‘शिक्षणाचं माध्यम इंग्रजी’ हे पत्र फक्त पदवीच्या वर्षांपुरतं असतं. देवाणघेवाणीला बहुतेक ठिकाणी तेवढं चालतं, पण संस्थेने इंग्रजीचं बी-2 (युरोपीय मोजपट्टीवर मध्यम-वरच्या) पातळीचं प्रमाणपत्र मागितलं तर परीक्षा द्यावीच लागते. ती अर्जाच्या दोन महिने आधी उरका. आणि परिचयपत्रात मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा चारही भाषा लिहा. सीमाभागातल्या मुलाला हे साधं वाटतं, तिकडे त्याला वजन आहे.

पैसा

शिष्यवृत्ती नसेल तर जर्मन व्हिसासाठी बंद खातं लागतं. तिथल्या राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच त्यात भरायची आणि तिथे पोचल्यावर दर महिन्याला ठरलेला हप्ता मिळतो. सप्टेंबर 2024 पासून हा आकडा महिना 992 युरो, वर्षाला 11,904. सेमिस्टरसाठी जाणाऱ्याने राहण्याच्या महिन्यांइतकीच रक्कम भरायची असते. सहा महिन्यांचे 5,952 युरो, युरो शंभर रुपये धरला तर सहा लाखांच्या आसपास. अर्ज करण्याच्या आठवड्यात आकडा आणि दर दोन्ही पुन्हा तपासा. फिन्टिबा, एक्स्पॅट्रिओ, कोराकल अशा कंपन्या हे खातं ऑनलाइन उघडून देतात.

आपल्याकडे घरचा पैसा बहुधा सोसायटीच्या ठेवीत किंवा पिग्मीत असतो. पतसंस्थेतून परदेशात थेट पैसे जात नाहीत. त्यासाठी परकीय चलनाचा परवाना असलेली बँक लागते. म्हणून ठेव मोडून रक्कम दोन-तीन महिने आधी वडिलांच्या किंवा आईच्या बँक खात्यात आणा. बँकेत ए-2 फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज), पॅन, प्रवेशपत्र आणि बंद खात्याचा तपशील द्यावा लागतो. लहान शाखेला या कामाची सवय नसते. तालुक्याच्या गावी दोन चकरा मारण्यापेक्षा बेळगावात परकीय चलनाचं काम करणारी शाखा विचारून तिथेच जा. वर्षाला दहा लाखांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे बँक आगाऊ वसूल करते तो आयकर, कापला जात नाही.

पैसे पाठवताना मधली बँक आपला कट काढते आणि पलीकडे वीस-तीस युरो कमी पोचतात. रक्कम पूर्ण नसली की खात्याचं प्रमाणपत्र निघत नाही, प्रमाणपत्र नाही तर व्हिसाचा अर्ज अडतो. पन्नास ते शंभर युरो जास्त पाठवा. शेतकरी कुटुंबांना या व्यवस्थेचा एक फायदा आहे: पैसा खात्यात दिसत असल्यामुळे वडिलांच्या आयकर विवरणपत्रावर सगळं अवलंबून राहत नाही.

बंद खात्याशिवाय विमान, व्हिसा, विमा, सत्रशुल्क (हे शिकवणी शुल्क नव्हे) आणि खोलीची अनामत मिळून दीड ते दोन लाख हाताशी हवेत.

व्हिसा

सेमिस्टर नव्वद दिवसांपेक्षा मोठं असतं, म्हणून पर्यटकांचा शेंगेन व्हिसा चालत नाही. डी प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा लागतो, शुल्क 75 युरो. अर्ज कुठे करायचा हे राहण्याच्या ठिकाणावरून ठरतं. कर्नाटकात राहणाऱ्यांसाठी बेंगळुरूचा जर्मन वाणिज्य दूतावास, महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी मुंबईचा. घर निपाणीत आणि वसतिगृह कोल्हापुरात असेल तर आधी एक पत्ता पक्का करा आणि त्याचेच पुरावे जोडा. आधार कर्नाटकाचं आणि बोनाफाइड महाराष्ट्राचं असा सरमिसळ अर्ज परत येतो.

नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्राची, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याच्या दाखल्याची, अट आहे, शुल्क 18,000 रुपये. जर्मन किंवा युरोपीय सरकारी निधीची शिष्यवृत्ती असणाऱ्यांना त्यातून सूट मिळते. आपण सुटीच्या यादीत बसतो का, ते दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून आणि यजमान विद्यापीठाला मेल करून लेखी उत्तर घ्या. प्रमाणपत्र लागणार असेल तर त्याचे काही आठवडे वेगळे धरा.

कागद साधारण हे: पासपोर्ट, 35 बाय 45 मिलिमीटरचे बायोमेट्रिक फोटो, प्रवेशपत्र, आपल्या कॉलेजचं देवाणघेवाणीचं पत्र, लर्निंग अग्रीमेंट, बंद खात्याचं किंवा शिष्यवृत्तीचं पत्र, गुणपत्रिका, विमा, परिचयपत्र आणि हेतूपत्र. हेतूपत्रात जर्मनीचं कौतुक नको. कोणते विषय, तेच का, आणि परत येऊन कोणत्या सेमिस्टरला बसणार, एवढं एका पानात. निर्णयाला सहा ते बारा आठवडे धरा. तोवर न बदलणारं तिकीट काढू नका.

खोली

नामांकन झालं त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज करा. तिथे वसतिगृहं ‘स्टुडिरेंडनवेर्क’ ही संस्था चालवते आणि प्रतीक्षायादी लांब असते. लाइपझिग, केम्निट्झसारख्या पूर्वेकडच्या शहरांत भाडं उतरतं, म्युनिकमध्ये सगळ्यात चढं. खाजगी खोली बघताना ‘मी परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरियरने येईल’ असं कोणी म्हटलं की संवाद तिथेच थांबवा. ती फसवणूक असते. अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही.

बॅग

बेळगावचा कुंदा नेता येणार नाही. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून दूध आणि मांस यांचे पदार्थ प्रवाशाने आणायला बंदी आहे, मग पेढे, खवा, तूप सगळंच आलं. ताजा कढीपत्ता, मिरच्या, आंबेही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. लाल तिखट, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, थालीपिठाची भाजणी, पापड खुशाल न्या, पण घट्ट सीलबंद आणि वर इंग्रजीत नाव लिहून. दुबईमार्गे जाणार असाल तर खसखस अजिबात नको. अमिरातीत ती अमली पदार्थांत मोडते आणि माणूस तुरुंगात जाऊ शकतो. घरच्या मसाल्यात खसखस घातली आहे का, हे आईला आठवणीने विचारा.

कुकर तीन लिटरचा स्टीलचा, इंडक्शनला चालणाऱ्या बुडाचा घ्या. अ‍ॅल्युमिनियमचा इंडक्शनवर तापतच नाही. एक जादा रिंग आणि शिट्टी सोबत ठेवा. फोडणी करण्याआधी खिडकी उघडा. धुराचा अलार्म वाजून अग्निशमन दल आलं तर बिल तुमच्या नावावर येऊ शकतं.

जाड जॅकेट तिथेच घ्या, इथलं त्या थंडीला पुरत नाही. आपले गोल तीन पिनांचे प्लग तिथे बसत नाहीत, दोन अडॅप्टर लागतात. भारतीय सिमकार्डाचं रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करा आणि रिचार्ज चालू ठेवा. बँकेचा ओटीपी आला नाही तर स्वतःचेच पैसे काढता येत नाहीत.

पहिले पंधरा दिवस

इथे एका कामावर दुसरं अवलंबून आहे. खोलीचा ताबा घेतानाच घरमालकाकडून राहत असल्याचं सहीचं पत्र घ्या. ते घेऊन दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या कार्यालयात ‘आनमेल्डुंग’, म्हणजे रहिवासी नोंदणी. त्यासाठी वेळ आगाऊ घ्यावी लागते, म्हणून विमानात बसण्यापूर्वीच ऑनलाइन घ्या. नोंदणीच्या कागदावर चालू बँक खातं उघडतं, त्या खात्यात बंद खात्याचा हप्ता येतो. हे सगळं जुळायला दोन-तीन आठवडे जातात, तोवर फॉरेक्स कार्डावर सातआठशे युरो हवेत. सरकारी आरोग्य विमा तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला महिना 140 ते 150 युरोंच्या आसपास पडतो आणि त्याच्या दाखल्याशिवाय विद्यापीठात नाव चढत नाही.

रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान भरा. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर 25 सेंट अनामत असते, ती दुकानातल्या यंत्रात परत मिळते.

परीक्षेची नोंदणी

विषयाला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव गेलं, असं तिथे नसतं. परीक्षेसाठी वेगळी नोंदणी असते, ठरलेल्या काही दिवसांतच, ऑनलाइन. ती खिडकी बंद झाली की प्राध्यापकांनाही काही करता येत नाही, आणि इतकं जमवून गेलेलं सेमिस्टर श्रेयांकाविना संपतं. पहिल्या आठवड्यातच परीक्षा कार्यालयात जाऊन प्रत्येक विषयाच्या नोंदणीची तारीख लिहून आणा. वेळापत्रकात ‘10 सी.टी.’ लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, ‘एस.टी.’ असेल तर ठीक दहाला.

बऱ्याच विषयांत अंतर्गत गुण नसतात, सगळा निकाल एका लेखी किंवा तोंडी परीक्षेवर. विषय बदललात तर लर्निंग अग्रीमेंटचा बदलाचा भाग लगेच भरून तिन्ही सह्या घ्या. मेलवर ‘ओके’ आलेलं परीक्षा विभाग मानत नाही.

निघण्याआधी

खोली सोडण्याची सूचना करारातल्या मुदतीप्रमाणे द्या, बहुतेक वसतिगृहांत ती काही महिने आधीची असते. पालिकेत नाव कमी करा, विमा लेखी बंद करा, नाहीतर हप्त्याची पत्रं येत राहतात. अनामत परत यायला वेळ लागतो, म्हणून बँक खातं सगळ्यात शेवटी बंद करा.

गुणपत्रक बहुधा तुम्ही परतल्यावर निघतं. आंतरराष्ट्रीय विभागाला आपल्या कॉलेजचा अधिकृत मेल पत्ता देऊन या आणि शिक्क्याची मूळ प्रत घरच्या पत्त्यावर टपालाने मागा. ती हातात आली की लर्निंग अग्रीमेंट, बदलाचा भाग, मॉड्यूल वर्णनं आणि गुणांचा तक्ता एकत्र लावून परीक्षा विभागात द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.